माती परीक्षणातलं नायट्रेट: यूव्ही मशीन नेमकं काय बघतं

माती परीक्षणाचा कागद हातात आला की बहुतेक जण एकच ओळ बघतात, नत्र कमी की मध्यम की भरपूर. आणि आपल्या काळ्या मातीत ती ओळ जास्त करून 'कमी'च म्हणते, मग काय, युरियाची अजून एक गोणी. पण त्या ओळीत नायट्रेट मोजलेलंच नसतं. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून सुरू झाली, तिच्यावर बारा गोष्टी छापून येतात, त्यात जो 'उपलब्ध नत्र' असतो तो साधारणपणे अल्कली पोटॅशियम परमँगनेटच्या पद्धतीने काढलेला असतो. म्हणजे मातीतल्या सेंद्रिय पदार्थातून पुढे हळूहळू किती नत्र सुटू शकेल त्याचा अंदाज. हेक्टरी २८० किलोच्या खाली कमी, २८० ते ५६० मध्यम, वर गेला की जास्त. काही ठिकाणी तर सेंद्रिय कर्बावरूनच नत्राचा अंदाज बांधतात. हे सगळं चुकीचं आहे असं मी म्हणत नाहीये, पण आज या घडीला केळीच्या मुळांना जो नत्र लगेच उचलता येतो, तो नायट्रेट, तो या आकड्यात दिसत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे ड्रिपमधून आठवड्याला खत सोडणाऱ्या माणसाला खरं तर तोच पाहिजे असतो.

नायट्रेट वेगळं मोजायचे बरेच रस्ते आहेत. त्यातला एक मला सगळ्यात आवडतो कारण त्यात रंग आणायला केमिकलची बाटली लागत नाही, नुसता प्रकाश लागतो, तोही डोळ्याला न दिसणारा. अल्ट्राव्हायोलेट, आपण यूव्हीच म्हणू. लॅबमध्ये दहा-पंधरा सेकंदात रीडिंग येतं आणि बघणाऱ्याला वाटतं मशीनने नायट्रेट मोजलं. तसं नसतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी नायट्रेटबद्दल थोडं. युरिया टाकला की मातीतलं युरिएज नावाचं एन्झाइम त्याचं काही दिवसांत अमोनियम करून टाकतं, मग नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू अमोनियमचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, उबदार ओलसर माती असेल तर दोन-तीन आठवड्यांत बराचसा माल नायट्रेटमध्ये आलेला असतो. नीम लावलेला युरिया हा वेग जरा कमी करतो, म्हणूनच २०१५ मध्ये तो देशात सक्तीचा केला. आता काळ्या मातीच्या चिकणकणांवर ऋण भार असतो, अमोनियमवर धन, म्हणून अमोनियम चिकटून बसतं. नायट्रेटवर मात्र ऋण भार, ते मातीला चिकटत नाही आणि पाणी जिकडे जाईल तिकडे जातं. जास्त पाणी दिलं तर खाली विहिरीकडे, मे महिन्यात जमीन तापून वरून वाफ व्हायला लागली की उलटं वर. आणि पाणी साचून हवा कोंडली तर जिवाणू त्याचा वायू करून उडवून लावतात. त्यामुळे नायट्रेटचा आकडा हा त्या दिवसाचा, त्या जागेचा, त्या खोलीचा असतो. पीएच किंवा पालाशसारखा वर्षभर टिकणारा नाही.

बरं, आता प्रकाश. १८०१ साली जर्मनीतल्या येना गावात योहान रिटरने लोलकातून आलेल्या रंगांच्या पट्ट्यात सिल्व्हर क्लोराइड ठेवून बघितलं, तर जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे ते सगळ्यात लवकर काळं पडलं. तो यूव्ही प्रकाश. आपल्याला ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) आसपासचा प्रकाश दिसतो, त्याच्या खाली यूव्ही. नायट्रेटचं पाण्यातलं द्रावण डोळ्याला पाण्यासारखंच दिसतं, रंग ना वास, पण २०० नॅनोमीटरच्या जवळपासच्या प्रकाशाला ते भिंतीसारखं आडवं येतं. नायट्रेटमध्ये एक नायट्रोजन आणि तीन ऑक्सिजन असतात, त्यांच्यातले काही इलेक्ट्रॉन बरोबर तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश गिळून वरच्या पातळीवर उडी मारतात. याचा मुख्य डोंगर २०१-२०३ नॅनोमीटरच्या आसपास. अजून एक छोटी टेकडी ३०२ जवळ आहे पण ती हजारपटीहून जास्त कमजोर, मातीच्या अर्कात (माती मिठाच्या पाण्यात हलवून गाळलेलं पाणी) तिचा उपयोग नाही.

आणि हा प्रकाश बाहेर कुठे मिळत नाही बरं का. भुसावळला पारा ४५ च्या वर गेला तरी त्या उन्हात २२० नॅनोमीटरचा प्रकाश नसतो, ओझोनचा थर साधारण २९० च्या खालचं सगळं वरच अडवतो. म्हणून मशीनमध्ये वेगळा दिवा लागतो, ड्युटेरियमचा. त्या दिव्याचा प्रकाश ग्रेटिंगवरून जातो, ग्रेटिंग त्यातून पाहिजे ती एकच तरंगलांबी निवडते, तो किरण द्रावण भरलेल्या चौकोनी नळीतून म्हणजे क्युवेटमधून पार होतो आणि पलीकडचा डिटेक्टर किती प्रकाश उरला ते बघतो. एवढंच मशीन. अशी मशीन १९४१ मध्ये अमेरिकेत आर्नोल्ड बेकमनच्या कंपनीने बाजारात आणली, त्याआधी हे काम फोटोच्या प्लेटांवर चालायचं, दिवसच्या दिवस.

क्युवेट क्वार्ट्झची पाहिजे. काच साधारण ३४० च्या खाली यूव्ही अडवायला लागते आणि ते स्वस्तातले प्लास्टिकचे क्युवेटही इथे चालत नाहीत. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला हे हमखास होतं, पोरं काचेचा क्युवेट घालतात आणि ब्लँकलाच (म्हणजे नायट्रेट नसलेल्या कोऱ्या द्रावणालाच) मशीन बोंबलतं, मग अर्धा तास सगळे दिवा गेला का ते तपासत बसतात.

उरलेला प्रकाश मोजून नायट्रेट कसं कळतं, तर त्यामागे बियर-लँबर्टचा नियम आहे. द्रावणात गिळणारा पदार्थ दुप्पट केला की ॲब्सॉर्बन्स, म्हणजे किती प्रकाश गिळला त्याचं माप, दुप्पट होतो. ॲब्सॉर्बन्स हा लॉगरिदमचा आकडा असतो: १०० भाग प्रकाश सोडला आणि १० भाग पार झाला तर ॲब्सॉर्बन्स १, एकच भाग पार झाला तर २. म्हणून रीडिंग २ च्या वर गेलं की त्यावर विश्वास ठेवू नये, कारण डिटेक्टरकडे इतका कमी प्रकाश पोचतोय की मशीनमध्ये इकडून तिकडून भरकटून आलेला किरणसुद्धा हिशोब बिघडवतो आणि २२० सारख्या ठिकाणी तर दिवाही जरा मंदच असतो. अर्क पातळ करायचा आणि पुन्हा बघायचं, त्यात कमीपणा नाही.

इथे कुणीही विचारेल की डोंगराचं टोक २०२ जवळ आहे तर २२० वर का बघायचं. कारण २०२ वर फक्त नायट्रेट नसतं, तिथे क्लोराइड पण गिळतं, कार्बोनेट पण, सेंद्रिय पदार्थ तर विचारूच नका. २२० वर डोंगराच्या उतारावर उभं राहिलं की नायट्रेट अजून भरपूर दिसतं आणि गर्दी बरीच कमी होते. पण उतार म्हणजे उतार, मशीनची तरंगलांबी एका नॅनोमीटरने जरी सरकली तरी रीडिंग बऱ्यापैकी हलतं. त्यामुळे मागच्या महिन्याची स्टँडर्डची (नायट्रेट किती ते माहीत असलेल्या द्रावणांची) रेघ घेऊन आजच्या नमुन्यांचा हिशोब करणं मला पटत नाही, स्टँडर्ड त्याच दिवशी त्याच मशीनवर चालवायचे.

स्टँडर्ड कशाचं? पोटॅशियम नायट्रेटचं. म्हणजे तेच मीठ जे केळीवाले १३-००-४५ म्हणून ड्रिपमधून सोडतात, फक्त लॅबमधलं शुद्ध आणि १०५ अंशांवर वाळवलेलं. ०.७२१८ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवलं की लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र, म्हणजे नायट्रेटमधला फक्त नत्राचा भाग. त्यातून पातळ करत करत लिटरला शून्यापासून सात मिलिग्रॅमपर्यंतचे स्टँडर्ड बनवायचे आणि २२० वर रीडिंग घेऊन रेघ ओढायची. पाण्याच्या तपासणीची जी प्रमाणित यूव्ही पद्धत आहे तिच्यात ही रेघ लिटरला ११ मिलिग्रॅमपर्यंत सरळ जाते असं धरलंय.

आता मघाशी म्हटलं ती मेख. डिटेक्टरला फक्त एवढंच कळतं की २२० वर प्रकाश कमी झाला, कोणामुळे झाला ते नाही. जिनिंगवर कापसाची गाडी काट्यावर चढवली तर काटा वजन सांगतो, त्यात कापूस किती, ओल किती आणि कोणी मुद्दाम मारलेलं पाणी किती हे काटा सांगत नाही, ते व्यापाऱ्याला हात घालून बघावं लागतं. इथेही तसंच. नायट्रेट सोडून जे काही २२० वर प्रकाश गिळतं ते सगळं नायट्रेटच्या नावावर जमा होतं, आणि मातीचा अर्क म्हणजे अशा भेसळीचं भांडार.

पहिली भेसळ गढूळपणा. आपली काळी माती पाण्यात हलवली की तिचे बारीक चिकणकण तासन्‌तास खाली बसत नाहीत, गाळण कागदातून पण काही निसटतात, आणि ते कण प्रकाश गिळत नसले तरी आजूबाजूला उधळतात, डिटेक्टरच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. म्हणून नुसत्या पाण्यात अर्क काढणं काळ्या मातीत त्रासाचं होतं. मीठ असलं की हे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि खाली बसतात. माती परीक्षणात सगळ्यात चालणारा अर्क २ मोलर (मोलर म्हणजे द्रावण किती घट्ट त्याचं माप) पोटॅशियम क्लोराइडचा, १० ग्रॅम मातीला १०० मिली, अर्धा ते एक तास शेकरवर, मग बारीक गाळण कागदातून गाळायचं. यात अमोनियम पण निघून येतं म्हणून लॅबवाल्यांना तो सोयीचा. पण यूव्हीवाल्याला क्लोराइडची एवढी गर्दी नको असते, २१० च्या खाली तर २ मोलर क्लोराइड काही दिसूच देत नाही. २२० वर निभावून जातं, तेही ब्लँक आणि स्टँडर्ड दोन्ही त्याच पोटॅशियम क्लोराइडमध्ये बनवले तरच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये स्टँडर्ड आणि क्लोराइडमध्ये नमुना असा कारभार केला तर आकडा फुगणारच. फक्त नायट्रेटच पाहिजे असेल तर ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड मला जास्त बरं वाटतं, नायट्रेट तसंही मातीला चिकटलेलं नसतं, हलक्या मिठाने पण निघतं, आणि कॅल्शियमने माती छान बसते. पोटॅशियम सल्फेट वापरणारेही आहेत, सल्फेट या भागात जवळपास पारदर्शक असतं.

दुसरी भेसळ चुनखड. तापीकाठच्या आणि धुळ्या-शिंदखेड्याकडच्या बऱ्याच वावरांत खाली पांढरे खडे सापडतात, मातीचा पीएच आठच्या आसपास, अर्कात बायकार्बोनेट-कार्बोनेट येतात आणि तेही खालच्या यूव्हीत प्रकाश खातात. यावर उपाय सोपा आहे, ५० मिली गाळलेल्या अर्काला १ मिली १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. पण बुडबुडे येतात, आणि बुडबुड्यासकट क्युवेट मशीनमध्ये ठेवला तर रीडिंग नाचतं, तेव्हा आम्ल टाकून, हलवून, जरा थांबून मग भरायचं. ब्लँकला आणि स्टँडर्डलाही तेवढंच आम्ल.

तिसरी आणि सगळ्यात डोक्याला ताप देणारी भेसळ म्हणजे सेंद्रिय पदार्थ. शेणखत, कंपोस्ट, केळीचे कुजलेले खांब, यातून ह्युमिक आणि फल्विक आम्लं अर्कात उतरतात, अर्क हलका पिवळट दिसतो. काळी माती काळी दिसते म्हणून ती सेंद्रिय पदार्थाने भरलेली असते असा समज आहे पण तसं नाही, सेंद्रिय कर्ब तिच्यात बहुधा कमीच असतो. तरी शेणखत भरपूर टाकलेल्या बागेचा अर्क २२० वर चांगलाच अंधार करतो. याच्यासाठी युक्ती अशी की २७५ नॅनोमीटरवर अजून एक रीडिंग घ्यायचं. २७५ वर नायट्रेट जवळजवळ काहीच गिळत नाही (दोन डोंगरांच्या मधली दरी आहे ती), सेंद्रिय पदार्थ मात्र गिळतात. मग २७५ च्या रीडिंगची दुप्पट करून २२० मधून वजा करायची. ही 'दुप्पट' अनुभवातून आलेली आहे, कुठल्या निसर्गनियमातून नाही, आणि ती मुळात पाण्यासाठी ठरवलेली. म्हणून तिच्यावर एक अट पण आहे, वजा केलेला भाग २२० च्या रीडिंगच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ही पद्धत त्या नमुन्याला वापरू नये.

हिशोब करून बघू, आकडे समजावण्यापुरते. समजा कोरडी माती १० ग्रॅम, अर्क १०० मिली, २२० वर ०.६६ आणि २७५ वर ०.०३. दुप्पट ०.०६, वजा करून ०.६०. हे ०.०६ म्हणजे ०.६६ चे ९ टक्के, म्हणजे थोडक्यात वाचलो. स्टँडर्डच्या रेघेवरून लिटरला १ मिलिग्रॅम नत्राला ०.२५ ॲब्सॉर्बन्स येत असेल तर ०.६० म्हणजे लिटरला २.४ मिलिग्रॅम. माती दहापट पातळ केली होती म्हणून किलोला २४ मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं हेक्टरी वजन साधारण २२.४ लाख किलो धरतात, म्हणून २.२४ ने गुणायचं, हेक्टरी ५४ किलो, एकरी जवळपास २२ किलो. (भुसभुशीत काळ्या मातीत वजन यापेक्षा जरा कमी भरतं, पण चालायचंच.) युरियात ४६ टक्के नत्र, तर एकरी ४७ किलो युरियाएवढा नत्र वरच्या वीतभर मातीत तयार पडलेला आहे. ४५ किलोची एक गोणी आणि वर थोडं. कागदावरच्या 'कमी'कडे बघून जी गोणी टाकणार होतो, बरोबर तेवढीच.

आता यात ओल धरलेली नाही. वावरातून आणलेली ओली मातीच १० ग्रॅम घेतली आणि तिच्यात कोरड्या वजनाच्या २० टक्के पाणी असेल तर खरी माती ८.३३ ग्रॅमच होती, आणि त्याच रीडिंगचा खरा आकडा २४ नाही, २९ च्या थोडा वर निघतो. काळी माती ओल धरून ठेवते, पावसाळ्यात यापेक्षा जास्त पाणी असतं तिच्यात, तेव्हा थोडी माती वेगळी ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवून ओल काढल्याशिवाय हिशोब पुढे नेऊ नये.

आणि अजून एक, रिपोर्टवर 'नायट्रेट' लिहिलंय की 'नायट्रेट-नत्र' ते बघा. एकच माती, पण नत्र म्हणून २४ आणि अख्खं नायट्रेट म्हणून १०६, कारण दोघांमध्ये ४.४३ चा फरक आहे. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून भांडणारे लोक बघितलेत, दोन्ही रिपोर्ट बरोबर होते.

१० टक्क्यांची अट मोडली तर काय? तर त्याच अर्काचे दोन भाग करायचे. एका भागात आम्ल आणि तांब्याचा थर दिलेलं जस्त टाकून नायट्रेट मोडून टाकायचं, ते अमोनियम होतं आणि अमोनियम या भागात प्रकाश गिळत नाही. मग दोन्ही भागांचं रीडिंग घ्यायचं. जो फरक येईल तो नायट्रेटचा, कारण बाकीची भेसळ दोन्हीकडे सारखीच आहे. यात कुठलाही उसना आकडा नाही, तुमच्याच मातीची भेसळ तुमच्याच मातीतून वजा होते. वेळ जास्त लागतो म्हणून रोजच्या कामात कोणी करत नाही, पण निदान आपल्या भागातल्या पाच-दहा नमुन्यांवर करून बघितलं की कळतं की आपल्याकडे 'दुप्पट' चालते की अडीचपट लागते.

याहून सोपी तपासणी म्हणजे अर्कात मोजून नायट्रेट घालायचं. लिटरला २ मिलिग्रॅम घातलं आणि रेघेवरून काढलेल्या आकड्यात २ च्या आसपास वाढ दिसली तर ठीक, १.३ च वाढली तर कुठेतरी पाणी मुरतंय. पण हे भेसळीला पकडत नाही हं, भेसळ आधीपासून होती तशीच राहते, याने फक्त रेघ बरोबर आहे की नाही ते कळतं. नायट्राइट असेल तर तोही याच भागात प्रकाश खातो, चांगल्या हवेच्या मातीत तो नगण्य असतो, आणि शंका असेल तर चिमूटभर सल्फॅमिक आम्लाने तो जातो. शिवाय गाळण कागदातूनही नायट्रेटचा अंश येऊ शकतो, म्हणून मातीशिवाय बाकी सगळं करून एक ब्लँक त्याच कागदातून गाळायचा.

लॅबचं इतकं पुराण लावलं, पण भो, खरा घोळ बहुतेक वेळा लॅबच्या दारापर्यंत येण्याआधीच झालेला असतो. पालाश-स्फुरदासाठी माती सावलीत आरामात वाळवली तर काही बिघडत नाही. नायट्रेटचं तसं नाही. ओली माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या डिक्कीत टाकली आणि दुपारभर यावल ते जळगाव फिरवली, तर आत उबदार ओलसर जिवाणूंची जत्रा भरते. हवा असेल तर ते नायट्रेट वाढवतात, हवा संपली की उडवतात, आणि लॅबमध्ये मोजलं जातं ते डिक्कीतलं नायट्रेट, वावरातलं नव्हे. एक तर बर्फाच्या डब्यात ४ अंशांच्या आसपास ठेवून लवकर पोचवायची आणि ओलीच अर्कात टाकायची, नाहीतर त्याच दिवशी पातळ पसरून पंख्याखाली झपाट्याने वाळवायची. वाळलेली माती पुन्हा ओली होऊन पडू द्यायची नाही, कारण कोरड्या मातीला पाणी लागलं की जिवाणू एकदम जागे होतात आणि नायट्रेटचा लोंढा येतो. जूनच्या पहिल्या पावसात वावरात हेच घडतं. मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीच्या) लागवडीआधी, पहिल्या सरीच्या आधी घेतलेला नमुना आणि सरीनंतर दहा दिवसांनी घेतलेला नमुना यांची तुलना करूच नका. मोठे पाऊस झाल्यावर तर तो सगळा माल खाली गेलेला असतो.

जागा कुठली घ्यायची हाही प्रश्न आहे. ड्रिपच्या बागेत ड्रिपरच्या खाली एक आकडा आणि ओळींच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात दुसराच. पाणी ओल्या गोळ्याच्या कडेला जाऊन थांबतं आणि नायट्रेट त्याच्यासोबत तिथेच साचतं, त्यामुळे कडेवर आकडा जास्त येतो. नेहमीचं नागमोडी चालून, खतांचा उकिरडा, बांध, झाडाखालची जागा सोडून, पंधरा-वीस ठिकाणचा नमुना घेऊन चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे) अर्धा किलो करायचा, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण ड्रिपखाली प्रत्येक वेळी ड्रिपरपासून सारख्याच अंतरावर आणि सारख्याच खोलीवर घ्या, आणि खत सोडल्यावर किती दिवसांनी घेतला ते पिशवीवर लिहा. ते नसेल तर पुढच्या आकड्याशी जोडायचं काय?

अमेरिकेत मक्याला वरखत द्यायच्या आधी एक फूट खोलीची माती घेऊन नायट्रेट-नत्र किलोला २५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर वरखताची गरज नाही असं बऱ्याच राज्यांत धरतात. हा आकडा उचलून आपल्या रब्बी मक्याला चिकटवू नका, तिकडची माती, पाऊस, मक्याचं वय सगळं वेगळं. केळीला तर झाडाला २०० ग्रॅम नत्र अशी शिफारस असते आणि ती वर्षभर तुकड्यातुकड्याने द्यायची, तिथे एका दिवसाच्या नायट्रेटवर पूर्ण डोस ठरत नाही, पण पुढचे दोन-तीन हप्ते कमी करायचे की नाही ते ठरू शकतं.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. कॅडमियमच्या स्तंभातून अर्क सोडून नायट्रेटचं नायट्राइट करायचं आणि गुलाबी रंग आणून ५४० वर बघायचं, ही जास्त चोख, कारण तो रंग फक्त नायट्राइटमुळेच येतो, पण कॅडमियम विषारी, त्याचा कचरा टाकायचा कुठे. डेवार्डा मिश्रधातू घालून ऊर्ध्वपातन करायची जुनी पद्धत भरवशाची आहे पण दिवसभरात नमुने किती होणार. इलेक्ट्रोड शेतावर नेता येतो, त्याला क्लोराइडचा त्रास. कागदी पट्ट्या अंदाजाला ठीक. यूव्ही स्वस्त, पटकन होणारी आणि आपल्या मातीशी जुळवून घेतली तर पुरेशी चोख. जुळवून न घेता वापरली तर नुसता एक आकडा देते, आणि आकडा दशांश चिन्हासकट छापून आला की कोणी शंका घेत नाही हा वेगळाच प्रॉब्लेम.

यूव्हीचं खरं सोपं गिऱ्हाईक म्हणजे विहिरीचं आणि बोअरचं पाणी. अर्क काढायची भानगड नाही, सेंद्रिय पदार्थ कमी, गाळायचं, आम्ल टाकायचं, २२० आणि २७५ बघायचं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे नत्र म्हणून साधारण १०. त्याच्यावर गेलं तर लहान बाळाच्या दुधात ते पाणी वापरू नये, उकळून पण जात नाही, उलट पाणी आटून नायट्रेट घट्ट होतं. आणि त्याच पाण्याचा शेतीतला हिशोब बघा: एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख लिटर, लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असेल तर १ किलो नत्र फुकट. केळीला वर्षाला ७० इंच दिलं तर ७० किलो, दीडशे किलो युरियाएवढा, जो आपणच कधीतरी वरून टाकला होता. पाण्याचा नमुना देताना पंप दहा-पंधरा मिनिटं चालू देऊन मग बाटली भरा, साचलेलं पाणी नको. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, गळ्यापर्यंत भरा, थंड ठेवा आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी लॅबला द्या. खताच्या रिकाम्या डब्यात आणू नका, १३-००-४५ च्या डब्यात तर अजिबातच नाही.